मालकाला घेऊन या

आबाच्या अस्थी डिक्कीत होत्या आन् त्या मेल्यांनी गाडीच उचलून नेली!

तिसऱ्या दिवशी राख सावडली. भाऊबंद जीपनं म्होरं गंगाखेडला गेले. आबाला जीपमधी मळमळायचं, म्हणून मी आन् धाकटा भाऊ प्रीतम त्यांना त्यांच्याच स्कुटीवर घेऊन चारठाण्याहून निघालो. परभणीत नारळ, कापूर घ्यायला थांबलो. अस्थी कुनाच्या दुकानात न्यायच्या नसतात, म्हणून गठुडं डिक्कीतच ठिवलं. भाईर येतो तर गाडी गायब.

उचललेल्या गाड्या जिथं ठिवतात, त्या पटांगणाच्या फाटकात एक बाबू खुर्ची टाकून बसलेला. अस्थी हा शब्द काई माझ्या तोंडातून निघंना. म्हणलं, "भाऊ, गाडी राहू द्या, डिक्कीतलं गठुडं तेवढं काढू द्या. घाटावर लोक ताटकळायलेत."

मोबाईलवरची नजर न काढता म्हणला, "गाडी कुनाच्या नावावर हाय?"

"आमच्या आबाच्या. चंद्रभान."

"मग मालकाला घेऊन या. आरसी, आधार आन् मालक सोता. त्याबिगर डिक्कीला हात लावायचा न्हाई. नियम हाय."

"ते न्हाई येऊ शकत."

"मग त्यांच्या सहीचं पत्र आणा."

प्रीतम हात जोडायला लागला. ते बघून माझं डोस्कंच फिरलं.

"आरं मुडद्या, मालक तुझ्या पटांगणातच हाय! डिक्कीत! अस्थी हायेत त्यांच्या. जा, घे सही!"

बाबू ताडकन् उठला. गाड्या उचलणारी माणसं मागं सरकली, एक जण हात प्यांटीला पुसायला लागला.

"आवो ताई, आदी न्हाई का सांगायचं? माझ्या घरी आज सत्यनारायण हाय! न्या, न्या, पयले भाईर काढा ती!"

"आन् आरसी?"

"काई नको म्हणलं न! दंड बी नको."

लय संताप आला. मघापासून आमी गयावया करायलाव, तवा नियम. आता विटाळाचं भ्या वाटलं, तर नियम गेला खड्ड्यात!

"मी न्हाई नेत," मी म्हणलं. "तुमी आणलंय आबाला, तुमीच पोचवा."

प्रीतमनं माझ्या हातातली चावी घेतली. "ताई, चल, घाटावर लोक खोळंबलेत," म्हणला आन् गाडी ढकलत भाईर आला. मी मागं बसले, पर फाटकातल्या बाबूला बोलल्याबिगर ऱ्हावलं न्हाई.

"माझा बाप जिता आला असता न, तर सांजंपोत्तर हात जोडून उभा ठिवला असतास त्याला!"