सगळी मिळून कशी दिसते

दार उघडणाऱ्या बाईंकडे बघून भिंगवाल्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत नाकावर चढवला. बाई एका पायावर उभ्या होत्या. दुसरं पाऊल पोटरीला टेकवलेलं, बगळ्यासारखं. भिंगवाल्यांनी मागे वळून पाहिलं. पायरीखाली त्यांची मुलगी तशीच उभी होती. तोच पाय वर.

"या ना आत," बाई म्हणाल्या. "पायरी तेवढी जपून. मला दिसत नाही ती, म्हणून मी सगळ्यांनाच सांगते."

मुलगी हसली. भिंगवाल्यांना मात्र हसू आलं नाही. तीस वर्षं त्यांच्या बायकोनं त्या पायावरून पोरीला दटावलं होतं, "सरळ उभी राहा गं, पडशील." पोर कधी पडली नाही आणि कधी सरळ उभीही राहिली नाही.

ती अकरा दिवसांची असताना त्यांनी तिला आश्रमातून आणली होती. जन्म देणारी विशीतली, एकटी, कालव्याचं पाणी सोडायच्या दारांवर कामाला आहे, एवढंच तेव्हा कळलं होतं. शेजारची म्हातारी पाळण्यात डोकावून म्हणाली होती, "खाण तशी माती, बरं का." त्यावर त्यांची बायको म्हणाली होती, "माती कुणाची का असेना, मडकं मी घडवणार." आता ती बायकोही नव्हती. चार वर्षं झाली होती.

चौकातल्या दुकानात भिंगवाले चष्म्याच्या काचा घासत. काच घासताना आधी दुधासारखी पांढरी होते, मग हळूहळू निवळते. त्या पांढऱ्यात त्यांना कधीकधी एक चेहरा दिसल्यासारखा वाटे. नाकडोळे नसलेला, लांबून कुणी पाण्यात वाकून बघावं तसा. काच निवळली की तो जाई. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

आणि मग महिन्याभरापूर्वी आश्रमामार्फत त्या जन्म देणारीचं पत्र आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. 'मुलीवर माझा काही हक्क नाही. काचबिंदूनं माझे डोळे जात आले. माझ्या आईचेही असेच गेले. डॉक्टर म्हणतात, हे रक्तातून उतरतं. तिचे डोळे तपासून घ्या. मला उत्तर नाही दिलंत तरी चालेल.'

भिंगवाले ते पत्र हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिले. अर्ध्या गावाच्या नाकावर त्यांनी घासलेल्या काचा होत्या. मुलीचा नंबर ते दरवर्षी न चुकता तपासत. पण डोळ्यातला दाब मोजायला तिला दवाखान्यात न्यावं, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. यायचं तरी कसं? त्यांच्या घराण्यात हे दुखणं नव्हतं. ती आपल्या घराण्यातली नाही, हेच ते विसरून गेले होते.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, "दाब बराच वाढलाय. डाव्या डोळ्याची नस थोडी गेलीय. पण वेळेवर आलात. आता थेंब घालायचे, जन्मभर. एक दिवस चुकवायचा नाही." मुलगी छापखान्यात मुद्रितं तपासायची, दिवसभर बारीक अक्षरांत डोळे घालून. आणखी दोन वर्षं गेली असती तर तिला ओळीतला शब्द सापडला नसता.

दवाखान्याच्या जिन्यात ती म्हणाली, "बाबा, मला त्यांना भेटायचंय."

"जा की."

"एकटी नाही. तुम्ही चला."

रक्ताला रक्त ओढतं म्हणतात. बसमध्ये खिडकीशी बसून भिंगवाल्यांच्या डोक्यात तेवढंच एक वाक्य चाकासारखं फिरत होतं.

कालव्याकाठचं घर एका खोलीचं होतं. बाहेर पाणी संथ वाहत होतं आणि त्याचा उजेड छतावर हलत होता, त्यामुळे सगळी खोलीच हळूहळू कुठेतरी चालल्यासारखी वाटत होती. बाईंनी चाचपडत चहा केला, एक थेंबही न सांडता. बोलणं कालव्याच्या दारांबद्दल झालं, पाणी कधी सोडतात त्याबद्दल झालं. मुलगी त्यांना कुठल्याच नात्यानं हाक मारत नव्हती. पण मग तिनं कपाटावरची औषधाची बाटली उचलून उजेडात धरली.

"ही रिकामी आहे. कधी संपली?"

"झाले असतील चारपाच दिवस. पूल ओलांडून जायचं म्हणजे…"

"चारपाच दिवस! कमाल आहे तुमची. आम्हाला पत्र पाठवता आणि स्वतः?" तिनं चपला पायांत सरकवल्या. "मी आणते. बाबा, त्यांना उठू देऊ नका."

ती गेली. पावलांचा आवाज पुलावर विरेपर्यंत बाई ऐकत राहिल्या.

"रागावली का हो?"

"काळजी वाटली की अशीच ओरडते," भिंगवाले म्हणाले. "हिचं घेतलंय तिनं. माझ्या बायकोचं."

बाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? मला आता समोरचं बटणाएवढंच दिसतं. मघापासून बघतेय. एकदा कान दिसला, एकदा हनुवटी. तुकडे जुळत नाहीत. सगळी मिळून कशी दिसते ती?"

भिंगवाल्यांना वाटलं, दोन वाक्यांत सांगता येईल. पण ते सांगतच राहिले. कपाळ रुंद आहे. केस कितीही बांधले तरी एक बट सुटतेच.

"ती माझी," बाई हळूच म्हणाल्या.

विनोद सांगायच्या आधीच स्वतः हसत सुटते, मग विनोद राहूनच जातो.

"ते माझं नाही."

"ते माझं," भिंगवाले ओशाळून म्हणाले. कुठलीही काच दिसली की उजेडात धरून बघते, तेही. अंधाराला भीत नाही. खोटं बोलली की कान लाल होतात. बाई प्रत्येक गोष्ट थोडा वेळ जवळ धरून ठेवल्यासारखी ऐकत होत्या; काही ठेवून घेत, काही परत देत. भिंगवाल्यांच्या लक्षात आलं, हे सगळं इतकं नीट आपल्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"आणि झोपेत हसते," ते म्हणाले. "अगदी तान्ही होती तेव्हापासून. माझ्याकडे नाही कुणी तसं."

बाई बराच वेळ आठवत राहिल्या. "माझ्याकडेही नाही."

छतावरचा उजेड हलत होता.

पुलावर पावलं वाजली. बाईंनी मान वळवली, पण त्यांचा चेहरा पुलाऐवजी भिंतीकडे गेला. डोळे बारीक करून त्या भिंतीतच शोधू लागल्या. भिंगवाले उठले. खुर्ची बाईंसकट त्यांनी हलकेच डावीकडे वळवली, आणखी थोडी, आणि मग वाकून बाईंच्या खांद्यावरून, त्यांच्याच नजरेच्या उंचीवरून पाहिलं. उघड्या दारात आता पुलाचं टोक बरोबर मध्यभागी आलं होतं.

"हं," ते म्हणाले. "आता इथेच बघत राहा."