पाचावर यायचं कसं?

टेलरकाका पार बरे झाले होते आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

ते वॉर्डात आले तो दिवस मोठ्या सिस्टर विसरल्या नव्हत्या. बरं वाटतंय म्हणून काकांनी गोळ्या सोडल्या होत्या. मग इतकं बरं वाटायला लागलं की झोपच उडाली, आणि त्या भरात त्यांनी अख्ख्या गल्लीला, कुणी मागितलेलं नसताना, पँटी शिवून दिल्या. प्रत्येक पँटीला तीन पाय. "तिसरा स्पेअर," असं ते दारावरच्या शिपायाला समजावत होते आणि शिपायाला ते जवळजवळ पटलंही होतं.

आता लिथियमची गोळी लागू पडली होती. रक्तातलं प्रमाण हवं तेवढंच. हाताला बारीक थरथर होती, तहान जरा जास्त लागायची, बाकी माणूस ठणठणीत. सिस्टर रोज गोळी हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आ करा. जीभ वर. आता डावा गाल दाखवा." कारण गोळी गालात दडवायची आणि नंतर कुंडीत पुरायची, ही या वॉर्डातली जुनी कला. दारातल्या कुंडीतलं झाड त्यापायी इतकं शांत झालं होतं की ते वाढायचंच थांबलं होतं.

अडचण होती ती मोठ्या डॉक्टरांच्या पट्टीची. शून्य म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडलेला पेशंट, दहा म्हणजे तीन पायांची पँट. घरी जायचं तर मूड पाचावर हवा. ना वर, ना खाली.

पहिल्या राउंडला डॉक्टरांनी विचारलं, "काय काका, सोडू का घरी?" काकांचा चेहरा असा काही फुलला की डॉक्टर दोन पावलं मागे सरले.

"सात! थांबू या अजून."

काकांचा चेहरा खाडकन पडला. डॉक्टरांनी दारातून वळून पाहिलं. "आता तीन. पाहिलंत सिस्टर? एका मिनिटात सातावरून तीन! केवढा हलतोय मूड!"

पुढच्या राउंडला काकांनी डोकं चालवलं. म्हणाले, "नाही सोडलंत तरी चालेल."

"घराची ओढच उरली नाही," डॉक्टर हळहळले. "चार. पुढच्या वेळी पाच आले नाहीत तर मागच्या इमारतीत हलवू."

मागची इमारत म्हणजे लांबच्या मुक्कामाची. तिथे गेलेला माणूस हळूहळू तिथल्या कपाटांसारखा होतो, कुणी त्याला हलवतच नाही. सिस्टरांना हे पटेना. चांगला बरा झालेला माणूस, निव्वळ आनंद झाला म्हणून अडकायचा?

"काका, आजपासून तालीम," त्या म्हणाल्या. "मी डॉक्टर. घरी सोडू का?"

"सोडा की हो, सिस्टर!"

"दात! दात दिसले. आत घ्या."

"सोडा," काका ओठ मिटून पुटपुटले.

"आता मयताला आल्यासारखे दिसताय."

शेजारच्या खाटेवरून कंडक्टर सगळं ऐकत होता. उदास होऊन बस मधेच उभी करून उतरलेला माणूस हा. तो म्हणाला, "तिकिटाचे सुट्टे परत देताना माझं तोंड जसं असतं, तसं करा." त्याने करून दाखवलं आणि काय सांगावं, अगदी पाच! मग काका त्याच्याकडून शिकले. त्यांचं बघून बाकीचेही शिकले. घरी कुणाला जायचं नसतं?

राउंडच्या सकाळी डॉक्टर पहिल्या खाटेपाशी थांबले. "कसं वाटतंय?"

"बरंय. ठीकठाक."

दुसरी खाट. "बरंय. ठीकठाक." तिसरी. चौथी. तोच आवाज, तेच तोंड. काकांपर्यंत येईतो डॉक्टरांना घाम फुटला होता.

"सिस्टर, हे काय? अख्ख्या वॉर्डाला डोस जास्त झालाय! कुणी घरी जाणार नाही. काकांना मागे हलवायची तयारी करा."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात काकू आल्या, हातात पिशवी. भेटीची वेळ झाली होती, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी पिशवीतून काकांच्या चपला काढून खाटेखाली ठेवल्या.

काकांनी खाली पाहिलं. "अगं, या दोन्ही डाव्या पायाच्या!"

"घाईत आणल्या. दुकान कोण सांभाळतंय? तुम्ही?"

"आणि ही पिशवी कसली?"

"तुमचे तिसरे पाय. उसवले आणि पिशव्या शिवून विकल्या. धडाधड खपतायत."

"माझी शिलाई उसवलीस? आणि काळ्या कापडावर पांढरा दोरा? डोळे कुठे होते?"

"डोळे रडण्यात गेले! माणूस इथे पडलेला, आणि विचारतोय काय, तर दोरा!"

"मग काय विचारू? निदान टाके तरी सरळ घालायचेस!"

"या आणि घाला!"

वॉर्डातले सगळे चेहरे पाचावरून हलले. कंडक्टर तर चक्क हसला. डॉक्टर मान तिरकी करून ऐकत होते, देवळाबाहेर भजन ऐकावं तसे.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "हे घरचंच भांडण ना?"

"अगदी घरचं, साहेब."

"आमच्याकडेही याच सुरात चालतं." त्यांनी सुस्कारा सोडला. "पाच. सोडा यांना. आणि हा कंडक्टर हसला कसा, त्याचंही बघू उद्या."

सिस्टरांनी काकूंना बाजूला घेतलं. भरपूर पाणी, जेवणातलं मीठ एकाएकी कमी करायचं नाही, रक्ताची तपासणी चुकवायची नाही. "आणि मुख्य म्हणजे, बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची नाही. मागच्या वेळी तिथेच घात झाला."

काकूंनी मान हलवली, पण सिस्टरांचा जीव काही थाऱ्यावर येईना. त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली फाटकाबाहेर काका दोन डाव्या चपलांमध्ये लंगडत चालले होते आणि हातवारे करून पांढऱ्या दोऱ्याबद्दल सुनावत होते. काकू मधेच थांबल्या. पर्समधून गोळी काढली, बाटली पुढे केली. काकांनी बोलता बोलता गोळी गिळली.

"आ करा," काकू भर रस्त्यात ओरडल्या. "जीभ वर! आता डावा गाल!"

काकांनी गाल दाखवला आणि राहिलेलं भांडण तिथूनच पुढे सुरू केलं.