फळी धरणारे हात

मी एक जुनी लोखंडी चौकट आहे. मित्रांनो, कराटेच्या वर्गात भिंतीला बोल्ट मारून मला उभं केलं आहे, दोन हात पुढे काढून. माझ्या पंजांत लाकडी फळी बसवायची, कडेचे स्क्रू आवळायचे आणि विद्यार्थ्यांनी बुक्की मारून ती फळी मोडायची. एवढंच माझं काम.

माझ्या जन्माआधी फळ्या माणूस धरायचा. सरांचे थोरले भाऊ. त्यांना सगळा वर्ग काका म्हणे. बावीस वर्षं त्यांनी छातीसमोर फळ्या धरल्या आणि चुकलेल्या बुक्क्या बोटांवर झेलल्या. बोटं वाकडी झाली, तेव्हा सरांनी वेल्डरला बोलावलं. "ह्यांच्या हातांचं माप घे."

काका हसले. "घे रे बाबा. शिंप्याने माप घेतलं, तर निदान नवा सदरा तरी मिळतो."

वेल्डरने पंजाची रुंदी, कोपराचा बाक, सगळं खडूने फरशीवर उतरवून घेतलं. मी वर्गात आले, त्याच्या आठ दिवस आधी काका देवाघरी गेले.

भगवंताने मला जीव दिलेला नाही, हे मी जाणते. तरी फळी लावली, की माझं लोखंड ऊबदार होई. ऐन थंडीतसुद्धा. एका दांडग्या विद्यार्थ्याने पंजाला हात लावला आणि तो मागे सरला. "सर, आत्ताच कुणीतरी हात काढून घेतल्यासारखं वाटतंय!" बाकीचे खो खो हसले. तो मात्र पुढे कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्यावरच सराव करू लागला.

सरांना भीती नव्हती, अभिमान होता. "ही थकत नाही, चुकत नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. कौतुकाने मीही फुगले. आणि हळूहळू सर फळीकडे बघेनासे झाले.

मित्रांनो, लाकडात रेषा असतात. त्या उभ्या ठेवून फळी लावली, तर ती रेषेवर दुभंगते. आडव्या ठेवल्या, तर फळी शाबूत राहते आणि हात मोडतो. काका दर फळीवरून अंगठा फिरवून बघत. मला कुणी अंगठा दिलाच नव्हता.

मग परीक्षेची दुपार आली. सरांची मुलगी चिमणी काळ्या पट्ट्यासाठी उभी राहिली. बाहेरून आलेले परीक्षक खुर्चीत बसले होते. सरांनी घाईघाईने फळी बसवली आणि स्क्रू फिरवला. तो आवळेना. माझे आटे ठीक होते, तेल आदल्याच दिवशी मिळालं होतं. पण सर पिळत होते उजवीकडे, आणि माझ्या आतून कुणीतरी पिळत होतं डावीकडे.

तीनदा फळी खाली पडली.

"काय हो सर, यंत्राने संप पुकारला वाटतं?" परीक्षक म्हणाले.

सरांचे कान लाल झाले. त्यांनी फळी उचलून स्वतःच्या छातीसमोर धरली. "मी धरतो. मार!"

वर्गात चिमणी त्यांना सरच म्हणायची. त्या क्षणी मात्र म्हणाली, "बाबा, थांबा ना. काका नको म्हणतायत."

"वेडी का गं तू? लोखंड आहे ते! मार म्हणतो ना!"

तिने डोळे मिटले आणि मूठ उगारली. तेवढ्यात किती वर्षांनी सरांचा अंगठा लाकडावरून फिरला. रेषा आडव्या लागल्या. त्यांनी फळी भिरकावून दिली आणि लेकीची बुक्की उघड्या छातीवर घेतली.

सर मटकन खाली बसले. "बाबा! लागलं का हो?"

"लागलं," ते धापा टाकत म्हणाले. "बरं झालं लागलं. तुझा हात दाखव आधी."

हात धड होता. थोड्या वेळाने सरांनी नवी फळी बोटाने चाचपून माझ्या पंजांत दिली. स्क्रू लोण्यासारखा फिरला. चिमणीच्या एका बुक्कीत फळीची दोन शकलं झाली.

आता मला गंज चढतो आहे. तेलाचे दोन थेंब घातलेत, तर मी दुवा देईन. पण खरं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, माणसाचं काम आम्हा वस्तूंवर खुशाल सोपवा, माया मात्र सोपवू नका. ती ठेवायला आमच्यात जागा नसते. त्या दुपारी माझ्या आत कोण होतं, मला माहीत नाही. आणि पुढच्या वेळी कुणी असेलच, असं वचन मी तुम्हाला देऊ शकत नाही.