रिळाचा हत्ती

मी हत्ती बोलतोय. हसू नका. मला सोंड नाही, सुळे नाहीत, हे मलाही दिसतं. दोन चकत्या, मध्ये दांडा आणि दांड्यावर गुंडाळलेला थोडासा निळा दोरा, एवढंच माझं अंग. जन्माने मी शिवणकामाचं लाकडी रीळ. पण बुद्धिबळाच्या पटावर, पांढऱ्यांच्या डाव्या कोपऱ्यात, मी हत्ती आहे. ज्याला हे पटत नसेल त्याने आमच्या ताईला विचारावं.

ताई म्हणजे माझी मालकीण. कपड्यांची उंची कमी कर, चेन बदल, ढगळ झालेलं आवळून दे, अशा कामांचं तिचं छोटं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत तिचं घर. सगळी गल्ली तिला ताई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मी तिच्या मशीनशेजारच्या फळीवर होतो. निळ्या कापडाला निळा दोरा, आला दिवस गेला दिवस. तेव्हा मला कुणाचा हेवा वाटत नव्हता. फळीवरची सगळी रिळं सारखीच होती, हेवा करणार कुणाचा?

पटावर मी आलो तो बदली म्हणून. ताईचे बाबा खिडक्यांच्या चौकटी करायचे. उरलेल्या लाकडातून त्यांनी एक अख्खा बुद्धिबळाचा संच कोरला होता. काय एकेक सोंगटी! घोड्याच्या मानेवर केस, वजिराच्या फेट्याला पीळ, आणि उंट तर असा की बघत राहावं. धाकटीचं, म्हणजे ताईच्या लहान बहिणीचं लग्न झालं, त्या गडबडीत एक पांढरा हत्ती नाहीसा झाला. कपाटाखाली शोधलं, गाद्या झटकल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी ताईने मला फळीवरून उचललं आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या घरात ठेवलं.

बाबांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "चालेल. तो हत्ती तसाही झोपलेलाच असतो."

झोपलेला! माझं पटावरचं बारसं हे असं झालं. ते शब्द मला आजही टोचतात.

बाबा गेले. त्यांची शेवटची सगळी वर्षं ताईकडेच गेली होती, म्हणून संचही तिच्याकडेच राहिला. पण ताई कधी धड खेळलीच नव्हती. लहानपणी बाबा धाकटीला समोर बसवून शिकवायचे, तेव्हा ताई मशीनवर असायची. "ती हुशार आहे," बाबा म्हणायचे, "आणि ही कामाची आहे." असं दोघींच्या देखत म्हणायचे. ताई पाय मारत राहायची, पण मशीनचा आवाज जरा वाढायचा.

मग एके दिवशी धाकटी आली ती मोठी बातमी घेऊन. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती, समुद्रापलीकडे, कायमची. चहा पिता पिता तिने कपाटावरच्या पेटीकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, बाबांचा संच मी नेऊ का गं? म्हणजे, तू तर खेळतही नाहीस."

ताईने कप खाली ठेवला. मला वाटलं, देऊन टाकणार. आयुष्यभर देतच आलीय ती. पण ताई म्हणाली, "मी खेळत नाही, हे तुला कुणी सांगितलं?"

"बरं, मग खेळू," धाकटी हसली. "जायच्या आधी एक डाव. जी जिंकेल तिचा संच. चालेल?"

"चालेल," ताई म्हणाली. धाकटी गेल्यावर मात्र तिने कपाळाला हात लावला. "अहो, मी काय बोलून बसले!"

हे 'अहो' म्हणजे ताईचे यजमान. शाळेची बस चालवतात. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्यामध्ये ते घरी असतात आणि मोबाइलवर लोकांचे डाव बघत जेवतात. स्वतः खेळतात तेव्हा हरतात, पण बोलायला लागले की ऐकत राहावं. त्यांनी हातातला घास संपवला आणि म्हणाले, "घाबरतेस काय? तुला इटालियन शिकवतो. बुद्धिबळातली जुनी सुरुवात आहे. हजारोंनी खेळून झालीय, म्हणजे रस्ता पक्का आहे."

दुसऱ्या दिवसापासून कापड कापायच्या टेबलावर शिकवणी सुरू झाली आणि माझ्या हालांनाही सुरुवात झाली.

"हे बघ," त्यांनी पटाच्या मधल्या घरांवर बोट ठेवलं, "हा चौक. चौकात आपली गाडी उभी असली की चारही रस्ते आपले." राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे गेलं. मग घोडा बाहेर पडला. मग तो उंट. तिसऱ्याच चालीला निघाला आणि पटाच्या मधोमध जाऊन थेट शत्रूच्या राजाशेजारच्या कच्च्या प्याद्यावर नजर लावून उभा राहिला. "ही आपली तोफ," अहो म्हणाले. "हिला जपायचं."

ताईने जपलं हो! मऊ फडक्याने पुसलं. डाव मांडताना त्याची मान अंगठ्याने कुरवाळायची तिला सवयच लागली. माझा नुसता तिळपापड व्हायचा. अरे, मीही लाकडाचाच ना? बरं, उंट तरी देखणा. माझा जोडीदार हत्ती, तो उजव्या कोपऱ्यातला, त्याचंही नशीब बघा. राजाला सुरक्षित जागी हलवताना त्याला आपोआप मध्ये यायला मिळतं. किल्लेकोट म्हणतात त्याला. राजा त्याच्या मागे लपतो आणि हा ऐटीत पुढे येतो. न मागता बढती! आणि मी डाव्या कोपऱ्यात. सुरुवात संपली तरी कोपऱ्यात, मधला डाव संपला तरी कोपऱ्यात, आणि ताई हरली की तिथूनच थेट पेटीत.

कारण ताई हरायचीच. सुरुवातीच्या चाली तिने अगदी तोंडपाठ केल्या होत्या. कणीक मळताना पुटपुटायची, गिऱ्हाइकाचं माप घेताना पुटपुटायची. एका बाईला तर "घोडा बाहेर" म्हणाली, ती बाई भडकून निघून गेली. पण पाठ केलेल्या चाली संपल्या की ताई गोंधळायची. मग उंट, घोडा, वजीर, तिघेच धावायचे. मारा करायचे, दमायचे, मरायचे.

"अगं, बाकीची फौज काय पगार घ्यायला ठेवलीय?" अहो ओरडायचे. "सुरुवात शिकायची ती कशासाठी? सगळ्यांना कामाला लावता यावं म्हणून! या कोपऱ्यातल्याला कधी काढणार?"

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटायचं. पण ताई म्हणायची, "तो राहू दे हो. उगाच त्याला हलवलं तर माझा हिशेब चुकतो." आणि पुन्हा उंटाची मान कुरवाळायची. तो उंट मेला काही बोलायचा नाही, पण त्याचा रुबाब मला दिसायचा.

डावाचा दिवस उजाडला. धाकटी दुपारी आली. दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं. मोठी म्हणून पांढऱ्या ताईकडे, हा त्यांच्या घरातला जुना नेम. ताई पट मांडत होती. तिने मला उचलून कोपऱ्यात ठेवलं आणि तेवढ्यात धाकटीने पर्स उघडली.

"ताई, हे." तिने रुमालात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं.

हत्ती! खराखुरा. बाबांच्या हातचा, सोंडेवर बारीक कोरीव वळ्या असलेला. माझ्या अंगावरचा दोरा आहे तिथेच थिजला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं मी म्हणणार होतो. पण कानामागून तर मीच आलो होतो.

"तुझ्याकडे होता?" ताई म्हणाली.

"लग्नात घेऊन गेले होते. हळूच. सांगायचं राहून गेलं, मग सांगायची लाज वाटत गेली." धाकटी पटाकडे बघत होती. "ठेव ना त्याच्या जागी. आता रीळ कशाला?"

ताईचा हात माझ्याकडे आला. झालं, म्हटलं, संपलो आपण. पण हात हवेतच थांबला. "नको," ताई म्हणाली. "माझा सराव याच्याबरोबर झालाय. आज हाच राहू दे."

तो देखणा हत्ती टेबलाच्या कडेला उभा राहिला, प्रेक्षक म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा करत असेल, असं मला वाटलं. थोडा वेळच वाटलं. कारण डाव सुरू झाला आणि तिसऱ्या चालीला उंट निघालाच.

धाकटी जपून खेळत होती. ताईच्या पाठ केलेल्या चाली संपल्या. मधली प्यादी एकमेकांना मारून गेली, चौक मोकळा झाला. आणि ताई अडली. अहो दाराशी उभे होते, बोलायचं नाही अशी तंबी मिळालेली, म्हणून मिशी चावत होते. ताई विचार करत होती. आणि विचारात असली की तिचा हात काय करतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. हात रिळाकडे जातो. तिने पटावरून मला उचललं, दोऱ्याचं टोक सोडवलं आणि सुईत ओवायला लावतात तसं ओठांना लावलं.

"ताई," धाकटी म्हणाली, "हात लावलास."

ताईने ओठातला दोरा काढला आणि हातात काय आहे ते बघितलं. हात लावला की ती सोंगटी चालवायचीच, हा बाबांचा नियम. त्यात सूट नव्हती. पाहुणे असोत की पोरं असोत.

अहो कळवळून पुढे आले. "अगं, सवय ती! चुकून उचललं."

"हो, राहू दे ताई," धाकटीही म्हणाली. "दुसरी चाल खेळ."

"नाही," ताई म्हणाली. "नियम तो नियम."

एवढी वर्षं वाट बघितली, आणि मला चालवणार ते काय, चुकून! निवड झाली नाही, नुसता हात गेला. इतका अपमान कुणी गिळला नसेल. पण मग ताईने मला घरात परत ठेवून माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. उंटाकडेसुद्धा तिने कधी असं बघितलं नव्हतं. माझ्यापुढे प्यादं होतं, पण बाजूची घरं रिकामी झाली होती. तिची नजर माझ्यापासून निघाली, एकेक घर सरकत गेली आणि एका उभ्या ओळीपाशी थांबली. मोकळी ओळ. तिच्या वरच्या टोकाला धाकटीचा वजीर आणि त्याच्यापुढे एकच घोडा.

"अगं बाई," ताई हळूच म्हणाली. तिने मला सरकवलं आणि त्या ओळीच्या तळाशी उभं केलं.

धाकटी ताठ बसली. आता तो घोडा हलला की वजीर माझ्या तोंडी. घोडा जागच्या जागी खिळला. धाकटीने दोन-तीन युक्त्या करून पाहिल्या. ताई डगमगली नाही, पुटपुटलीही नाही. आणि मग ताईने मला उचललं, या वेळी जाणूनबुजून, आणि मी धावत जाऊन तो घोडा मारला. काय सांगू तुम्हाला! अख्खी ओळ एका दमात. वाऱ्यासारखा गेलो.

वजिराने मला लगेच मारलं. मारणारच होता, ताईला ते ठाऊक होतं. पण वजीर हलला तशी त्याने राखलेली वाट उघडी पडली, आणि त्या वाटेवर येऊन शेवटचा शह कुणी दिला?

उंटाने. आणखी कोण?

"मात!" अहो ओरडले. "उंटाने केली मात! बघितलंस काय उंट आहे!" आणि मी पटाबाहेर आडवा पडून हे ऐकत होतो, त्या खऱ्या हत्तीच्या पायाशी. पोटात इतकं दुखलं की विचारू नका.

धाकटी पटाकडे बघत राहिली. "बाबांनी मला शिकवलं ते सगळं खेळले मी," ती म्हणाली. "संच तुझा."

"तुला बाबांनी शिकवलं," ताई म्हणाली. "मला नाही शिकवलं." हे ती पहिल्यांदाच बोलली.

"आणि तुला बाबा मिळाले," धाकटी म्हणाली. "रोज. औषध द्यायला, भांडायला. मला हा एक हत्ती मिळाला, तोही चोरून." तिने तो हत्ती ताईपुढे सरकवला. "घे. पुरा कर संच."

दोघी रडत होत्या. अहो शटरकडे तोंड करून उभे होते. मी समजून चुकलो. जिंकलो आणि बेकार झालो. आता मशीन, फळी, निळं कापड.

ताईने हत्ती उचलला, त्याच्या सोंडेवरून बोट फिरवलं आणि धाकटीची मूठ उघडून त्यात ठेवला. "हा तुझा. ने बरोबर."

"मग तुझ्या संचात?"

"माझ्या संचात हत्ती आहे," ताई म्हणाली, आणि मला उचलून पटावर ठेवलं.

तर मंडळी, तो देखणा हत्ती विमानात बसून समुद्रापलीकडे गेला. विमानात! मी गल्लीच्या टोकापर्यंतही कधी गेलो नाही, आणि तो मेला ढगांतून गेला. याचंही मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. आता बहिणी फोनवर खेळतात. दोघींकडे एकेक पट असतो, एक चाल सांगते, दुसरी मांडते. ताई बरेचदा हरते, कधीकधी जिंकते. सुरुवात तीच, इटालियन, आणि उंट अजूनही तिसऱ्या चालीला निघतो. निघू दे. पट मांडताना मात्र ताई पहिल्यांदा मला ठेवते. खोटं वाटत असेल तर उंटाला विचारा.