धुरपताबाईचा ओटा

“अजून एक लिंबू दे वं प्रेमिला.”

“माय वं! किती घासून राहिल्या मावशी? हात सोलून काढता का आता?”

धुरपताबाईने माझं ऐकलंच नाही. लिंबाची फोड राखेत बुडवून ती बोटांच्या बेचक्या घासत राहिली. ओट्यावर झेंडूच्या हारांची टोपली होती. जन्मभर तलावातल्या मासोळ्या विकलेली ही बाई आजपासून देवाची फुलं विकणार होती. न विकून करते काय!

कुडव्याचं हे नवं संकुल म्हणजे खाली आमचे ओटे आणि दुकानं, वर फ्लॅट, मधात सगळ्यांनी बसायला चौक. माझं बांगड्यांचं दुकान तिच्या ओट्याला लागूनच. नकाशा काढणारे टिकेशसाहेब भला माणूस. जुन्या बाजारात आमच्यासोबत जमिनीवर बसून चहा प्यायले. पावशी पायाखाली दाबून मासोळी कशी कापतात ते पाहिलं आणि तिच्यासाठी बुटका ओटा, नळ, नाली, सगळं नकाशात घेतलं. म्हणाले, “मावशी, वर राहणारे आणि खाली विकणारे एका घरचे वाटले पाहिजेत.” त्या भरवशावर तिने जुनी जागा सोडली. तिथे आता फ्लॅटवाल्यांच्या गाड्या उभ्या राहतात.

एका घरचे म्हणे! वास काय विचारून जिना चढतो? वरच्यांनी अर्जावर सह्या केल्या आणि सोसायटीने सांगून टाकलं, मासोळी बंद. दुसरं काही विका, नाही तर ओटा सोडा. नळसुद्धा काढून नेला मेल्यांनी. टिकेशसाहेब भांडले, पण फ्लॅट विकून झाल्यावर नकाशावाल्याला कोण पुसतो? शेवटी ओट्यापाशी येऊन खाली मान घालून म्हणाले, “वास वर जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही जी.”

“तुमी माहा इचार केला बापा,” ती म्हणाली. “आजवर कोनं केला?”

मला तर रडूच आलं. घरी नवरा खाटेला खिळलेला, आणि दुसऱ्या बाजारात या वयात तिला कोण पाय ठेवू देणार? हा ओटा गेला की सगळं गेलं.

दुपारपर्यंत एक हार खपला नाही. मग वरून नीतूभाभी उतरल्या. जुन्या बाजारात दर रविवारी यांना मरळ लागायची, तीही धुरपताबाईच्याच हातची साफ केलेली. अर्जावर सही यांचीही होती. त्यांना पाहून धुरपताबाई लगबगीने उठली.

“घ्या ना बाई. बोहनी हाय. काई पन द्या.”

नीतूभाभींनी हार उचलला, नाकाशी नेला आणि परत टोपलीत ठेवला.

“रहने दो मावशी. देवाले चढवायचा आहे. वास येते.”

इतक्या हळू बोलल्या की मला भांडायलाही जागा ठेवली नाही. त्या जिना चढून गेल्या. धुरपताबाईने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

“तू हुंग वं. खरं सांग, तुले माह्या गळ्याची शपथ.”

मी हुंगलं. लिंबू होतं, राख होती, झेंडू होता.

“काहीच नाही येत मावशी. देवाशपथ.”

“मंग तिले काऊन आला?”

ती खाली बसली, बादली ओढली आणि उरलेली फोड राखेत बुडवली.