हंसाचा ढावलो

“अशी कोरडी काय उभी राह्यतं? ओढनी तोंडावर घे, माह्या गळ्यात हात टाक अन् सूर ओढ.”

हंसाने आईच्या, भुरीबाईच्या, गळ्यात हात टाकले, तोंड उघडले आणि तिला हसूच आले.

“नाही जमत मले, याडी.”

“हळू बोल! बाहेर वऱ्हाड बसलं हाय.”

भुरीबाईने चुलीतले लाकूड उगाच मागेपुढे केले. दारात गेली, परत आली. अंगणात बैल सजवणे चालले होते. थोड्याच वेळात हंसा त्याच्या पाठीवर उभी राहून, हात उंचावून, रडत गात माहेराचा निरोप घेणार होती. हा ढावलो. बोरी अरबकडच्या त्या बंजारा तांड्यातून बासष्ट सालच्या या लग्नापर्यंत ढावलो म्हटल्याशिवाय एकही पोर सासरी गेली नव्हती, आणि कितीतरी पोरींना तो भुरीबाईनेच शिकवला होता. हंसा मात्र लहानपणापासून दारव्ह्याच्या वसतिगृहात राहिली, पुढे यवतमाळला मास्तरणीचे शिकली.

“आमच्या पुस्तकात हाय,” हंसा म्हणाली, “रीत कोनी जन्मतःच घेऊन येत नाही. समाज शिकवते.”

“मंग मी काय करून राह्यली? अन् नाही शिकलं तर तोच समाज काय म्हनते, हे नाही सांगतलं पुस्तकानं?”

भुरीबाईची नणंद बसंतीबाई दारातून डोकावली. “काहून वयनी, गुरूचीच पोर नापास होते का काय?”

“तू आपलं काम पाह्य!”

लोक बोलतील याचे भय होतेच. पण भुरीबाईला आत दुसरेच कुरतडत होते. पोरीला जायचे दुःखच नसेल तर?

हंसाला बैलावर चढवले. सगळा तांडा ऐकायला गोळा झाला. ती नुसतीच उभी राहिली.

“मायबापाची माया दिसत नाही पोरीले,” वऱ्हाडातली एक म्हातारी म्हणाली.

भुरीबाई बैलापाशी धावली. “एक सूर ओढ, माय. खोटा ओढ!”

हंसा खाली वाकली. “याडी, मी तर कवाचीच गेली इथून. बापूनं वसतिगृहात सोडलं तवा पांघरुनात तोंड दाबून रडली. तूच म्हनलं होतं, शहान्यासारखी राह्य, रडू नको. आता कुठून आनू?”

भुरीबाईने स्वतःची ओढणी पुढे ओढली आणि सूर लावला. सासरी निघालेल्या नवरीचा नव्हे. दोन वेण्या घालून, पत्र्याची पेटी घेऊन निघालेल्या लहान पोरीचा. तसा ढावलो कोणी रचलेला नव्हता. शब्द अडत होते, ती पुढचे शोधत होती.

“वयनी, हे पोरीनं म्हनाचं असते!” बसंतीबाई कुजबुजली.

बैल चालू लागला. आया जिथे थांबतात तो कडुलिंब मागे पडला, तरी भुरीबाई दावे धरून गात चालली होती. जावयाने दावे घ्यायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.