पायरीवरचा ओला हात

सकाळी कामाला निघताना आईने नळाखाली हात धुतले, ओला पंजा पायरीच्या दगडावर दाबला आणि म्हणाली, "हा वाळायच्या आत येते बघ!"

आई आपली बोलून गेली. पिटुकलीने मात्र त्या शब्दांची मनात गाठ मारली आणि ती हाताची राखण करत बसली.

आता उन्हाला काय ठाऊक, हा कुणाचा हात ते? आधी करंगळी गेली, मग अंगठा. पिटुकलीने धावत नळावरून ओंजळ भरून आणली, तर हाताचा झाला नुसता ओघळ. बघता बघता तोही वाळला. दगड कोरडा ठणठणीत!

पिटुकलीने भोकाड पसरलं आणि ती थेट शेजारच्या मावशीच्या लाँड्रीत शिरली. "मावशी, आईचा हात गेला! आता ती येणारच नाही!"

"अगंबाई! हात गेला?" मावशी हातातली इस्त्री ठेवून धावतच पुढे आली. सगळं ऐकल्यावर ती हसत सुटली. "घाबरवलंस की गं, भवाने! ये, बस या गाठोड्यावर. हात गेला नाही, फिरायला गेलाय."

मावशीने चादरीवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री फिरवली. फुस्स! वाफ वर उठली.

"पाणी कुठं गेलं?" मावशीने विचारलं.

"पळालं!"

"कुठं पळतंय!" मावशीने डब्याचं गार झाकण वाफेवर धरलं. झाकण आधी धुरकटलं, मग त्यावर बारीक थेंब जमले. दोन थेंब एकमेकांना बिलगले, जड झाले आणि टपकन पिटुकलीच्या नाकावर पडले.

"आलं परत!" पिटुकली रडायचंच विसरली.

"देवाने वर एवढी मोठी इस्त्री तापवून ठेवलीय, तिचं नाव सूर्य. नदीचं, समुद्राचं, पायरीवरच्या हाताचं पाणी गुपचूप वर जातं. वर हवा गार. तिथं थेंब जमतात, त्यांचे ढग होतात. थेंब जड झाले की पाऊस. मग नदी, मग टाकी, मग आपला नळ. आणि पुन्हा वर! देवाची कृपा बघ, एक थेंबसुद्धा हरवत नाही."

पिटुकलीने विचार केला. "म्हणजे जातं ते परत येतं?"

"येतंच. फक्त वेळ लागतो."

मग पिटुकली झाकण मांडीवर घेऊन पायरीवर जाऊन बसली. या वेळी दगडाकडे नाही, रस्त्याकडे बघत. उन्हं कलली, सावल्या लांबल्या आणि कोपऱ्यावर आईची पिशवी दिसली.

"आई, हात कधीच वाळला!" कमरेला मिठी मारत पिटुकली म्हणाली. "उद्यापासून 'वाळायच्या आत' नाही म्हणायचं. 'पाण्यासारखी येते' म्हणायचं."

"म्हणजे गडगडाट करत?" मावशीने आतून विचारलं.

आईला काही कळेना. पण ती नळाशी गेली, हात धुतले आणि ओला पंजा पिटुकलीच्या गालावर ठेवला. तो वाळेपर्यंत पिटुकली जागची हलली नाही.